आजीचं रक्त मोजायचं कोणी?

आमच्या आईने दोन वर्षांपूर्वी माटोळीच्या, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर बांधायच्या फळा-पानांच्या छताच्या, बाजाराला जायचं सोडलं. भांडण नाही, रुसणं नाही, चवथीच्या दोन दिवस आधी नुसतं म्हणाली, यंदा तूच जा, मला त्या गर्दीत उभं राहायला नको वाटतं. जी बाई दरवर्षी कांगलां, घागऱ्यो, आंबाडे, सुपारीचा घड एकेक हातात घेऊन बघून आणायची, विकणारीशी पाच-दहा रुपयांसाठी हुज्जत घालायची, ती घरी बसली. मग नेवऱ्या करताना मधेच उठून आडवी झाली. मग तुळशीकडे दिवा लावायचं काम सुनेकडे गेलं, कारण अंगणात उतरायच्या चार पायऱ्या चढून आली की तिला धाप लागायची. आम्ही सगळे काय म्हणालो? पिराय जाली. वय झालं, ७४ वर्षं म्हणजे काय कमी आहेत का. ती स्वतःसुद्धा तेच म्हणायची, "पिराय जाली गो, आनी कितें."

मग एका पहाटे बाथरूममधे पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ६.८. दोन बाटल्या रक्त चढवलं, ऑपरेशन केलं, डिस्चार्ज पेपरवर आयर्नच्या गोळ्या लिहून दिल्या आणि आम्ही घरी आलो. एवढं रक्त गेलं कुठे हा प्रश्न त्या हॉस्पिटलात कोणी विचारला नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही विचारला नाही.

आणि हे मी कोण सांगतेय, तर गोव्यातल्या डिचोली तालुक्यात वीसेक वर्षं फार्मसी चालवणारी बाई. रोज शंभर माणसं माझ्या काउंटरवरून औषधं नेतात. आईचे डोळे, ओठ, नखं पांढरी फटक पडलेली मला दिसत नव्हती असं नाही, पण रोज बघितलेला चेहरा हळूहळू बदलला की बदल कळतच नाही, आणि मनात ते वाक्य पक्कं बसलेलं असतं की म्हातारपणी असंच होतं. म्हणून मला आज जे म्हणायचंय ते त्या वाक्याच्या विरोधात आहे. म्हातारपणी रक्त कमी होणं हा वयाचा भाग नाही, त्याला प्रत्येक वेळी काहीतरी कारण असतं, ते कारण बहुतेक वेळा शोधता येतं, आणि ते शोधायची जबाबदारी घरच्यांवर जेवढी आहे तेवढीच सरकारवर आहे. आज सरकारच्या अॅनिमियाच्या, म्हणजे रक्त कमी असण्याच्या, कार्यक्रमात म्हातारे धरलेलेच नाहीत.

आधी साधी गोष्ट. मोठ्या माणसांत अॅनिमिया म्हणजे पुरुषांत हिमोग्लोबिन १३ च्या खाली, बायकांत १२ च्या खाली, ही जागतिक आरोग्य संघटनेची रेघ डॉक्टर वापरतात. म्हाताऱ्यांसाठी यापेक्षा खालची वेगळी रेघ कोणी ठरवून दिलेली नाही. तरी रिपोर्टवर १०.५ आलं की "वयाच्या मानाने ठीक आहे" असं म्हणणारे डॉक्टर मी पाहिलेत, आणि ते ऐकून सुटकेचा श्वास टाकणारे मुलगेही पाहिलेत. वयाच्या मानाने म्हणजे काय? साखर २५० आली तर कोणी म्हणतं का वयाच्या मानाने ठीक?

म्हाताऱ्या माणसाचा अॅनिमिया ओळखायला कठीण का जातो तेही समजून घ्यायला हवं. तरुण माणसाचं रक्त अपघातात झटकन गेलं तर तो कोसळतो. म्हाताऱ्याचं रक्त महिनोन्महिने थोडं थोडं कमी होतं, शरीर जुळवून घेतं, हृदय जोरात पळतं, आणि माणूस स्वतःच्या नकळत आपलं जग आखूड करत जातो. आधी देवळात जायचं बंद, मग शेजारच्या वाड्यावर जायचं बंद, मग अंगण बंद. तो तक्रार करत नाही कारण तक्रार करण्यासारखं एक काही घडतच नाही. दम लागला की बसायचं, घेरी आली की खांबाला धरायचं, पाय सुजले तर उशी घ्यायची. कोणाची जीभ लाल गुळगुळीत होते, कोणाला हात-पाय सारखे गार लागतात, कोणी गुपचूप कच्चे तांदूळ चघळत बसतं आणि घरचे हसतात, पण कच्चे तांदूळ नाहीतर माती खावीशी वाटणं हे लोह कमी झाल्याचं जुनं ओळखीचं लक्षण आहे. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांची छाती दुखणं वाढतं आणि सगळे हृदयाच्याच मागे लागतात. विसराळूपणा, चिडचिड, दिवसभर झोप, हेही त्यातच. डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची पद्धत आहे आपल्यात, बघावी जरूर, पण रक्त थोडंच कमी असेल तर पापणी गुलाबीच दिसते, म्हणून रिपोर्टला पर्याय नाही.

कारणं बघायला गेलं तर अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या सर्व्हेत ६५ च्या वरच्या दर दहा माणसांत साधारण एकाला अॅनिमिया होता आणि ८५ च्या वर पाचात एकाहून जास्त. त्यातल्या ढोबळ एक तृतीयांश लोकांना लोह, बी-१२ किंवा फॉलिक अॅसिडची कमतरता होती, एक तृतीयांश लोकांत मूत्रपिंड किंवा दुसरा जुना आजार, आणि उरलेल्यांत कारण सापडलं नाही. आपलं खाणं, आपले आजार वेगळे, आपले आकडे तेच असतील असं नाही, पण मुद्दा बघा. निदान दोन तृतीयांश लोकांत शोधलं तर कारण मिळतं. आणि आपण काय करतो, तर टॉनिकची बाटली आणतो.

टॉनिकबद्दल मी बोलू शकते कारण मी ते विकते. काउंटरवर रोज दिसणारं एक चित्र सांगते. सत्तरीचे गृहस्थ येतात, गुडघेदुखीच्या गोळ्यांची स्ट्रिप मागतात, चिठ्ठी नसते, कधीतरी तीन वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून दिलेली असते. सोबत हृदयासाठीची अॅस्पिरिनची लहान गोळी असते. सोबत अॅसिडिटीची गोळी असते कारण पोटात जळजळतं. आणि शेवटी म्हणतात, अशक्तपणा आलाय, एक चांगलं रक्ताचं टॉनिक द्या. आता हे चारही एका पिशवीत घालताना कोणाच्या तरी डोक्यात घंटा वाजली पाहिजे. दुखण्याच्या त्या गोळ्या जठराला जखम करतात, अॅस्पिरिन ते रक्त थांबू देत नाही, रोज चमचा-दोन चमचे रक्त शौचावाटे जातं, डोळ्यांना दिसतही नाही, अॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेतली की अन्नातलं लोह आणि बी-१२ नीट शोषलं जात नाही, आणि वरून टॉनिक. म्हणजे घागरीला भोक आहे आणि आपण वरून पाणी ओततोय.

माझ्या आईचं नेमकं हेच होतं. ऑपरेशननंतर आठ महिन्यांनी तिचं हिमोग्लोबिन परत ८ पर्यंत घसरलं. तेव्हा एका तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून घेऊन या. पिशवी टेबलावर ओतली. गुडघ्याच्या गोळ्या मीच आणून द्यायचे, माझ्याच फार्मसीतून. पुढे दुर्बिणीने तपासलं तर जठरात अल्सर, आणि अल्सर करणारा जंतूही सापडला, दोन आठवडे त्याची औषधं झाली, दुखण्याची गोळी बदलली, लोहाची गोळी चालू ठेवली. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.१. गेल्या चवथीला ती काठी घेऊन माटोळीच्या बाजाराला आली. वयात दोन वर्षांची भर पडली होती, कमी झालं नव्हतं.

(इथे एक सांगायला हवं. अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची गोळी हे वाचून कोणी आपल्या मनाने बंद करू नका, ती हृदयासाठी, मेंदूसाठी दिलेली असते, बंद केली तर अॅटॅक येऊ शकतो. डॉक्टरांना विचारा. आणि शौचाला डांबरासारखं काळं, चिकट, घाण वास येणारं होत असेल तर त्याच दिवशी जा. लोहाच्या गोळीनेही काळं होतं, पण ते डांबरासारखं चिकट नसतं. फरक कळत नसेल तर अंदाज करत बसू नका, दाखवा.)

दुसरं उदाहरण माझ्याच गिऱ्हाइकाचं, नाव-गाव सांगत नाही. निवृत्त मास्तर, पंधरा वर्षं डायबिटीस, त्यासाठी मेटफॉर्मिनची गोळी चालू, वर्षभर विसरायला लागले, पायांना मुंग्या, चालताना पाय कुठे पडतो कळेना. घरच्यांनी स्मृतिभ्रंश म्हणून मनाची तयारी केली होती. रक्तात बी-१२ अगदी तळाला. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकतं हे जुनं माहितीतलं आहे, पण तपासतं कोण? इंजेक्शनं सुरू झाल्यावर काही महिन्यांत माणूस पुष्कळ परतला. सगळा परतला नाही, पायांच्या मुंग्या राहिल्याच, कारण बी-१२ अभावी नस खराब होते आणि उशीर झाला तर ती पूर्ण भरून येत नाही. त्यांना आधी कोणीतरी नुसतं फॉलिक अॅसिड दिलं होतं, त्याने रक्त थोडं सुधारल्यासारखं दिसलं आणि नसांचं नुकसान मागे चालूच राहिलं. म्हणून आंधळेपणाने गोळी देऊ नये म्हणतात ते यासाठी.

तिसरं कारण मूत्रपिंड. रक्त तयार करायचा हुकूम ज्या हॉर्मोनमधून हाडांच्या मज्जेला जातो ते बहुतांशी मूत्रपिंडात बनतं, मूत्रपिंड थकलं की हुकूमच जात नाही, मग कितीही लोह खा. काणकोण तालुक्यात मूत्रपिंडाच्या आजाराचा प्रश्न कित्येक वर्षं चर्चेत आहे, आणि डायबिटीस-ब्लडप्रेशर तर गोव्यात घरोघरी. अशा माणसाला क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंड किती काम करतंय याची, तपासणी केल्याशिवाय टॉनिक देणं म्हणजे वेळ घालवणं. त्याशिवाय आतड्याचा कॅन्सर आहे, जो सुरुवातीला कित्येकदा फक्त लोह कमी होऊनच कळतो. पाळी बंद झालेल्या बाईला आणि कोणत्याही वयाच्या पुरुषाला लोहाची कमतरता निघाली तर रक्त पोटातून कुठून जातंय हे बघायलाच हवं, हा डॉक्टरी पुस्तकातला साधा नियम आहे. टॉनिकने दोन महिने रंग परत येतो आणि तेवढ्यात रोग पुढे जातो.

आता खाण्याचं. मला लोक विचारतात, बीट देऊ का, डाळिंब देऊ का. लाल रंग बघून रक्त वाढेल असं वाटतं, पण बिटाचा लाल रंग हा लोहाचा नाही. आपल्याकडचं बघा ना. तिसऱ्यो, शिनाणे (दोन्ही शिंपल्यांतले), बांगडे, सुंगटां (कोळंबी), यात बी-१२ भरपूर, तिसऱ्यांत लोहही चांगलं. नाचणीची तिजान (खीर) माडाचं गोड (गूळ) घालून, कुळथाचं सार, आळसांदे (चवळी), तांबडी भाजी. आणि त्यावर लिंबू नाहीतर आवळा, म्हणजे भाजीतलं लोह अंगी लागतं. हे सगळं आमच्या आज्यांना माहीत होतं. अडचण अशी की आजी आता ते खात नाही. दात नाहीत म्हणून कडक चावत नाही. सोमवार शिवराक म्हणजे बिनमाशाचं, गुरुवार शिवराक, एकादशी, संकष्टी, श्रावण, आणि नवरा गेल्यावर कित्येक बायका नुस्तें म्हणजे मासे कायमचे सोडतात. मुलगा गल्फला नाहीतर बोटीवर, सून नोकरीला, एकटीसाठी कोण रांधतं, सकाळी चहा-पाव, अकराला पेज आणि लोणचं, चार वाजता परत चहा-पाव, रात्री उरलेली पेज. पोट भरतं, रक्त होत नाही. जेवणाबरोबरचा चहा तर लोहाला अडवतोच, तो तासभर पुढे ढकलला तरी फरक पडतो. कोणाच्या उपासाला मी नावं ठेवत नाही, माझी आईही सोमवार करते, पण जी बाई मासे, अंडं सोडते तिने दूध-दही नेमाने घ्यावं आणि वर्षातून एकदा बी-१२ बघावं एवढं घरच्यांनी पाहावं. आणि हेही तेवढंच खरं की एकदा हिमोग्लोबिन ८-९ वर आलं की नुसत्या नाचणीने ते भरून निघत नाही, औषध लागतंच.

गोळ्या कशा घ्यायच्या हेही नीट सांगितलं जात नाही. म्हाताऱ्या माणसाला मोठा डोस दिला की बद्धकोष्ठ होतं, मळमळतं, आणि तो चार दिवसांनी गोळ्या उशीखाली ठेवतो. थोड्या डोसने, एक दिवस आड घेतली तर पोट सांभाळलं जातं, आणि एक दिवस आड घेतल्याने लोह शोषलं जाण्याचं प्रमाण चांगलं राहतं हे अलीकडच्या वर्षांत दिसून आलंय. डॉक्टरांना तसं विचारा. दूध, चहा, कॅल्शियमची गोळी, अॅसिडिटीची गोळी यांच्याबरोबर लोह घेऊ नका. महिन्याभराने परत रक्त तपासा, एखाद्या ग्रॅमने तरी वाढायला हवं, नाही वाढलं तर एकतर गोळी उशीखाली आहे, नाहीतर रक्त अजून जातंय, नाहीतर निदानच चुकलंय. आणि आकडा नॉर्मल आला म्हणून लगेच थांबवायचं नाही, साठा भरायला आणखी तीनेक महिने लागतात.

इथपर्यंतचं घरचं झालं. आता सरकारचं.

आपल्या देशात अॅनिमियावर १९७० पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. २०१८ मधे अॅनिमिया मुक्त भारत सुरू झाला. त्यात लहान मुलं, किशोरवयीन मुलं-मुली, मूल होण्याच्या वयातल्या बायका, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आया आहेत. साठीच्या वरचा माणूस त्यात नाहीच. बरं, मोजणीचं बघा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेत गोव्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ३९ टक्के बायकांना अॅनिमिया निघाला, त्याच्या आधीच्या सर्व्हेत तो ३१ टक्के होता, म्हणजे वाढला. पण त्याच सर्व्हेत घरोघरी गेलेल्या टीमने १५ च्या वरच्या सगळ्यांचं ब्लडप्रेशर आणि साखर तपासली, आजीचं बोट टोचलं, साखर लिहून घेतली. हिमोग्लोबिन मात्र बायकांचं फक्त ४९ पर्यंत आणि पुरुषांचं ५४ पर्यंत. तेच दार, तीच टीम, तीच आजी, तेच बोट. एक थेंब जास्त घेतला असता तर गोव्यातल्या म्हाताऱ्यांचा आकडाही त्या सर्व्हेत आला असता.

आणि गोवा हे म्हाताऱ्यांचं राज्य होत चाललंय. २०११ च्या जनगणनेत देशात साठीवरचे ८.६ टक्के होते आणि गोव्यात ११.२ टक्के, मोठ्या राज्यांत केरळच तेवढं आपल्या पुढे. त्यानंतर मुलं आणखी बाहेर गेलीत आणि म्हातारे आणखी म्हातारे झालेत. अंगणवाडीतल्या मुलाचं वजन लिहिणारी वही आहे, गरोदर बाईचं कार्ड आहे, ते असायलाच हवं, त्यातलं काही काढून इकडे द्या असं मी अजिबात म्हणत नाही. पण सत्तरीच्या माणसाची वही कुठे आहे?

कोणी म्हणेल मग त्यांनाही गोळ्या वाटा. नको. इथे माझं म्हणणं जरा वेगळं आहे. मुलांना, गरोदर बायकांना सरसकट गोळ्या देण्यामागे विचार आहे, त्यांच्यात बहुतेकांना लोहाचीच गरज असते. म्हाताऱ्यांत तसं नाही. एकाचं मूत्रपिंड, एकाचं बी-१२, एकाचा अल्सर, एकाचं कॅन्सर, एकाच्या मज्जेतच दोष. सगळ्यांना लोह वाटलं तर खरं कारण झाकलं जाईल आणि कागदावर कार्यक्रम यशस्वी दिसेल. म्हाताऱ्यांना गोळीच्या आधी तपासणी हवी. एक सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, तेवढ्याने हिमोग्लोबिन कळतं आणि एमसीव्ही म्हणजे रक्तपेशीचा आकारही कळतो, पेशी लहान असतील तर लोहाकडे बोट, मोठ्या असतील तर बी-१२ किंवा फॉलिक अॅसिडकडे, मध्यम असतील तर मूत्रपिंड आणि जुन्या आजारांकडे. एवढं नेमकं नेहमी नसतं, दोन कारणं एकत्र आली की आकार मधलाच दिसतो, पण सुरुवात करायला पुरतं. त्यापुढे ज्याचं कमी निघेल त्याचंच फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, क्रिएटिनिन. आणि सगळ्यांत स्वस्त तपासणी म्हणजे गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतणं, तिला मशीन लागत नाही.

आपल्याकडे विमा आहे ना, असं म्हणणारे आहेत. आहे. २०१६ पासून राज्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीवरच्या सगळ्यांना आयुष्मान कार्डावर पाच लाखांचं कवच आहे. चांगल्याच गोष्टी आहेत. पण आयुष्मानसारखा विमा माणूस अॅडमिट झाल्यावर पैसे देतो. आईचं हाड मोडल्यावर कार्ड कामाला येतं, हाड मोडायच्या आधी तिचं रक्त कमी आहे हे सांगायला येत नाही. अॅनिमिया असलेले म्हातारे जास्त पडतात, त्यांचं ऑपरेशननंतर सावरणं जास्त लांबतं, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणजे काही शे रुपयांची तपासणी टाळून आपण लाखाचं ऑपरेशन करतोय, आणि त्या लाखात त्या माणसाचं परत न मिळालेलं चालणं धरलेलंच नाही.

एका डॉक्टर ओळखीच्यांनी मला समोरून विचारलं, सगळ्यांचं रक्त तपासत सुटलात तर पंच्याऐंशीच्या माणसाला कोलोनोस्कोपीला, म्हणजे आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीला, ओढत नेणार का? हा प्रश्न मला खरा वाटतो, मी बरेच दिवस त्यावर विचार केला. नाही, प्रत्येकाला ओढायचं नाही. अंथरुणाला खिळलेल्या नव्वदीच्या आजीला दुर्बिणीचा त्रास द्यायचा की नाही हे तिला आणि घरच्यांना विचारून ठरवावं, ती नको म्हणाली तर तिचं नको खरं. पण बी-१२ चं इंजेक्शन, चुकीची गोळी बंद करणं, मूत्रपिंडाचं औषध, यात ओढाताण कुठे आहे? ज्याला कळलंय आणि ज्याने नको म्हटलंय तो वेगळा, आणि ज्याला कोणी विचारलंच नाही तो वेगळा. आज आपले जवळपास सगळे म्हातारे दुसऱ्या प्रकारात आहेत.

जमणार का म्हणाल तर गोव्याला जमेल असं मला मनापासून वाटतं. राज्य लहान आहे, प्राथमिक आरोग्य केंद्र कुठल्याच गावापासून फार लांब नाही, पुढच्यासाठी म्हापसा, मडगाव, फोंड्याची हॉस्पिटलं आहेत आणि शेवटी बांबोळीचं मेडिकल कॉलेज आहेच. हृदयाच्या अॅटॅकसाठी गावच्या केंद्रात ईसीजी काढून तो बांबोळीच्या डॉक्टरांनी बघायची सोय याच राज्यात उभी राहिली. स्तनाच्या कॅन्सरची तपासणी गावोगावी नेली. मग सीबीसीत काय अवघड आहे?

माझी सूचना एकच आहे. राज्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याचे पैसे घेणाऱ्या म्हाताऱ्यांना वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे हा माणूस जिवंत आहे का हे सरकार दरवर्षी विचारतं. त्याच सुमाराला प्रत्येक पंचायतीत दोन दिवस आरोग्य केंद्राची टीम बसवा, दाखला द्यायला आलेल्याचं ज्याला हवं त्याचं रक्त घ्या, त्याची गोळ्यांची पिशवी कोणीतरी बघू दे, आणि रिपोर्ट कमी आला तर फोन करून बोलवा. फोन महत्त्वाचा, कारण म्हातारी माणसं कागद घडी घालून देव्हाऱ्यात ठेवतात. जो अंथरुणावर आहे त्याच्या घरी नर्स जाऊ दे. मात्र एक गोष्ट पक्की हवी, तपासणी केली नाही म्हणून कोणाचे पैसे अडता कामा नयेत, नाहीतर मदतीचा फास होईल. आणि आकडे जाहीर करा, तालुक्यावार, म्हणजे सत्तरी तालुक्यात किती, काणकोणात किती, साष्टीत किती ते आम्हाला कळेल, आणि मग आमदारांना विचारायला तोंड राहील.

फार्मसीवाल्यांनाही मी सांगते, माझ्यासकट. चिठ्ठीशिवाय दुखण्याच्या गोळ्यांची महिनाभराची स्ट्रिप साठीच्या वरच्याला देऊ नका. टॉनिक मागितलं की दोन प्रश्न विचारा, रक्त कधी तपासलं आणि दुखण्याची गोळी चालू आहे का. गिऱ्हाईक चिडेल, दुसऱ्या दुकानात जाईल, माझी चार गेलीत. त्यातले एक काका तीन आठवड्यांनी परत आले, खिशातून घडी घातलेला रिपोर्ट काढून काउंटरवर ठेवला, हिमोग्लोबिन ९.१, एमसीव्ही ६९, म्हणजे पेशी लहान. म्हणाले, "बाय, आता सांग, कोणाकडे जाऊ?" मी चष्मा लावला आणि आधी त्यांची पिशवी मागितली.